पायाखालचा नोव्हेंबर

डोंगरावर साचलेला बर्फ वसंत येईपर्यंत निपचित पडून असतो, असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात त्याच्या पोटात हिवाळाभर उलथापालथ चालू असते. अमेरिकेतल्या कोलोरॅडोच्या रॉकी पर्वतात तर ती इतकी जोरात होते, की नोव्हेंबरात पडलेला बर्फ एप्रिलमध्ये जीव घेऊ शकतो.

कोलोरॅडो समुद्रापासून दूर. हवा कोरडी, आकाश निरभ्र, रात्री कडाक्याच्या. हिवाळ्याच्या सुरुवातीला जमिनीवर बर्फाचा थर असतो जेमतेम दोन-तीन वितींचा. खालच्या जमिनीत उन्हाळ्याची ऊब शिल्लक असल्यामुळे तळाचा बर्फ शून्य अंशाच्या आसपास राहतो. पृष्ठभाग मात्र उणे २० पर्यंत उतरू शकतो. एवढ्याशा जाडीत एवढा फरक! मीटरमागे साधारण १० अंशांहून जास्त फरक पडला, की किमया सुरू होते. तळाचे हिमकण न वितळताच त्यांची वाफ होते, ती वर सरकते आणि वरच्या थंड कणांच्या बुडाशी पुन्हा गोठते. आभाळातून आलेले नाजूक हिमकण हळूहळू नाहीसे होतात आणि त्यांच्या जागी पैलूदार स्फटिक वाढू लागतात.

ते भिंगाखाली बघावेत. काही मिलिमीटर लांबीचे, आतून पोकळ, तोंडाशी रुंद होत गेलेले, अंगावर पायऱ्यापायऱ्यांच्या रेघा. इतके रेखीव, पण एकमेकांना धरून राहत नाहीत. मुठीत घेऊन गोळा वळायला जा, खडीसाखरेसारखे बोटांच्या फटींतून गळून जातात. बर्फ जितका कमी, तितकी ही वाफ जोरात वाहते आणि पाया तितका कच्चा होतो. कमी बर्फाचा हिवाळा अशा प्रकारे जास्त घातकी ठरतो.

मग वादळं येतात. वाऱ्याने दडपलेल्या नव्या बर्फाची घट्ट लादी त्या भुसभुशीत पायावर बसते. स्कीवरच्या माणसाचं वजन एका जागी खालपर्यंत पोचलं, की तिथले स्फटिक मोडून खचतात. वरची लादी किंचित वाकते. त्या वाकण्याने शेजारचे मोडतात, मग त्यांच्या शेजारचे. बघता बघता ही मोडतोड दूरवर पसरते. सपाटीवर असं झालं तर पायाखालून ‘हुम्फ’ असा दबका आवाज येतो आणि जमीन बसल्यासारखी वाटते. पण तीच मोडतोड सपाटीवरून चढावरही धावते. म्हणजे पायथ्याशी चालणाऱ्याच्या वजनाने त्याच्या डोक्यावरचा उतार सुटू शकतो.

२० एप्रिल २०१३ रोजी कोलोरॅडोतल्या लव्हलँड पासजवळ शीप क्रीकला नेमकं हेच झालं. सहा जण उताराच्या खालच्या अंगाने निघाले होते. वरचा बर्फ तळाजवळच्या जुन्या, कच्च्या थरावरून सुटला आणि सहाही जण त्यात सापडले. पाच जण दगावले.

अशा अपघातांत बहुतेक वेळा हिमस्खलन सुरू होतं ते सापडलेल्यांच्या किंवा त्यांच्या सोबत्यांच्याच वजनाने. यातच आशाही आहे, कारण वाट आपण निवडतो. लादी सुटते ती मुख्यतः ३० ते ४५ अंशांच्या उतारांवर. तीस अंशांच्या आत राहावं, तीव्र उताराच्या पायथ्याशी रेंगाळू नये, धोक्याची जागा ओलांडायचीच असेल तर एकेकट्याने ओलांडावी. प्रत्येकाच्या अंगावर ट्रान्सीव्हर (बर्फाखालच्या माणसाची जागा दाखवणारं संदेशयंत्र), पाठीवर फावडं आणि शोधकाठी हवी. बर्फाखाली गाडला गेलेला माणूस १५ मिनिटांच्या आत बाहेर आला तर वाचण्याची शक्यता चांगली असते, पुढे ती झपाट्याने घसरते. एवढ्या वेळात बाहेरची मदत पोचत नाही. सोबत्यालाच खणावं लागतं.

सह्याद्रीत तयार झालेले आपले ट्रेकर आता हिवाळ्यात हिमालयात जातात. तिथल्या हिमस्खलनाचे इशारे डीआरडीओची चंदीगडची संस्था, डीजीआरई, देते. निघण्याआधी ते वाचायलाच हवेत. दणकट पाय आणि वर्षानुवर्षांची सवय यांना बर्फाच्या तळात काय शिजलंय ते कळत नाही. ते वरून कुणालाच दिसत नाही. उताराचा कोन मात्र मोबाइलवरही मोजता येतो. तो मोजावा, आणि जास्त भरला तर बिनदिक्कत दुसरी वाट धरावी.