आतल्या आवाजाची उलटतपासणी

माणूस दिवसभर स्वतःशी बोलत असतो. खेळताना एकट्यानेच मोठ्याने बडबडणारे मूल पुढे तेच बोलणे मनातल्या मनात करू लागते, अशी मांडणी सोव्हिएत मानसशास्त्रज्ञ लेव्ह विगॉट्स्की यांनी केली होती. त्यांचे यासंबंधीचे पुस्तक १९३४ साली, त्यांच्या मृत्यूच्या वर्षीच प्रसिद्ध झाले. मुलाची ही भाषा येते ती आजूबाजूच्या माणसांकडून. 'वेंधळा कुठला', 'नुसता उंचीने वाढलाय', 'शेजारचा बघ' ही वाक्ये बोलणारे पुढे विसरूनही जातात. ऐकणारा मात्र ती स्वतःच स्वतःला ऐकवत राहतो.

या वाक्यांकडे उपचाराच्या दृष्टीने पाहण्याची सुरुवात अमेरिकेत झाली. न्यूयॉर्कमध्ये अल्बर्ट एलिस यांनी १९५५च्या सुमारास आपली विवेकनिष्ठ उपचारपद्धती मांडली. पुढे फिलाडेल्फियातील मनोविकारतज्ज्ञ एरन बेक यांना नैराश्याच्या रुग्णांमध्ये एक गोष्ट दिसली. रुग्ण जे सांगत त्याच्या मागे स्वतःबद्दलच्या वाईट विचारांची वेगळीच धार चालू असे. हे विचार इतक्या झटकन येतात की ते विचार आहेत हेच लक्षात येत नाही. ते थेट वस्तुस्थिती वाटतात.

कार्यालयातील एक साधा प्रसंग घ्या. तक्त्यातल्या एका रकान्याची बेरीज चुकली, वरिष्ठांनी सर्वांसमोर ती दाखवली. क्षणात मनात उमटते, 'मी बिनडोक आहे. मला काहीच धड जमत नाही.' एलिस यांच्या पद्धतीत येथे तीन गोष्टी वेगळ्या काढल्या जातात: घटना, तिच्याबद्दलची धारणा आणि परिणाम. घटना आहे चुकलेली बेरीज. परिणाम आहे छातीतली धडधड आणि बिघडलेला दिवस. मधली धारणा बहुधा बोलली जात नाही. ती अशी असते : 'माझ्याकडून चूक होताच कामा नये. झाली तर मी नालायक.' उलटतपासणी या धारणेची करायची. चूक होऊ नये ही इच्छा रास्त आहे, पण ती होणारच नाही असा नियम कुठे आहे? 'काहीच जमत नाही' म्हणताना याच तक्त्यातले बाकीचे बरोबर रकाने कुठे गेले? यातून उरणारे वाक्य गोड नसते, नेमके असते : 'बेरीज चुकली. पाठवण्याआधी पडताळायला हवी होती. पुढच्या वेळी पडताळीन.' ही तपासणी मनात करण्यापेक्षा कागदावर केलेली बरी, कारण मनात तीच ती वाक्ये गोल फिरत राहतात.

एलिस यांचा सर्वांत मोलाचा मुद्दा मात्र याच्याही पुढचा आहे. कृतीला गुण द्यावेत, माणसाला देऊ नयेत, असे ते सांगत. 'मी हुशार आहे' हा शेराही त्यांना 'मी मूर्ख आहे' याइतकाच नामंजूर होता. एकोणिसाव्या वर्षी मुलींशी बोलण्याची भीती घालवण्यासाठी त्यांनी ब्रॉन्क्सच्या वनस्पती उद्यानात महिनाभरात शंभर जणींशी संभाषण केले. भेटायला येण्याचे एकीनेच कबूल केले, तीही आली नाही. नकार मिळाला म्हणून काही आभाळ कोसळत नाही, हे त्यांना तेव्हा कळले. मुंबईत कि. मो. फडके यांनी एलिस यांच्याशी दीर्घ पत्रव्यवहार केला आणि ही पद्धत भारतात रुजवली.

आरशासमोर उभे राहून 'मी सर्वोत्तम आहे' असे घोकणे हा लोकप्रिय उपायही माणसालाच गुण देतो, म्हणून फसवा ठरतो. कॅनडातील जोआन वुड आणि सहकाऱ्यांच्या २००९च्या अभ्यासात, स्वतःबद्दल मुळात वाईट मत असलेल्यांना 'मी प्रेम करण्याजोगा आहे' अशा धर्तीचे वाक्य घोकल्यावर आणखी वाईट वाटले. न पटणारी स्तुती मन लगेच खोडून काढते. त्यापेक्षा थोडे अंतर घेणे उपयोगी पडते. मिशिगन विद्यापीठातील इथन क्रॉस यांच्या २०१४च्या प्रयोगांत 'मी'ऐवजी स्वतःला नावाने किंवा 'तू' म्हणून संबोधणाऱ्यांना भाषणासारख्या प्रसंगाचा ताण कमी जाणवला. मराठी वाचकाला हे फारसे नवे वाटू नये. समर्थ रामदासांनी 'मनाचे श्लोक' मनालाच उद्देशून, आणि त्याला सज्जन मानून लिहिले.

स्वतःशी मायेने वागले की माणूस ढिला पडतो, ही भीती आपल्याकडे फार खोल आहे. छडीवाचून विद्या नाही असे मानणाऱ्यांना ती सोडवतही नाही. बर्कलेच्या विद्यापीठातील, २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत मात्र उलट दिसले : अवघड चाचणीत कमी पडल्यावर ज्या विद्यार्थ्यांना स्वतःला समजून घ्यायला सुचवले, ते पुढच्या चाचणीसाठी जास्त वेळ अभ्यासाला बसले.

घरच्या घरी करायच्या या प्रयत्नांना मर्यादा आहेत. दोन आठवड्यांहून अधिक काळ उदासी टिकली, झोप-भूक बिघडली किंवा जगणे नकोसे वाटू लागले, तर वही बाजूला ठेवून तज्ज्ञ गाठावा. केंद्र सरकारची 'टेलि-मानस' ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास चालते आणि तेथे मराठीतही बोलता येते.