खानदेशातील उन्हाळा आणि दुभत्या जनावरांचा आहार

तापीकाठच्या जळगाव-भुसावळ पट्ट्यात मे महिन्यात पारा ४५ अंश सेल्सियसच्या वर चढतो, हे खानदेशात कोणाला नव्याने सांगावयास नको. धुळे जिल्ह्यातील उन्हाळाही सौम्य नव्हे. याच दिवसांत दूध संकलन केंद्रावरील कॅन अर्धेमुर्धे राहू लागतात. "उन्हाने म्हैस आटली" असे म्हणून पशुपालक पावसाची वाट पाहतो. वास्तविक या घटीचे कारण समजून घेतल्यास तिच्यातील बराच भाग टाळता येण्यासारखा आहे.

थिलारी बैल व गावठी गाई हे ऊन पिढ्यान्‌पिढ्या सोसत आल्या आहेत. संकरित गाईला मात्र साधारणतः २५ अंशांपलीकडेच त्रास सुरू होतो. म्हशीची कातडी काळी आणि तिच्या घर्मग्रंथी गाईच्या मानाने फारच थोड्या; त्यामुळे तिला डबके हवेसे वाटते. जनावर धापा टाकू लागले की श्वासावाटे कर्बवायू अधिक प्रमाणात बाहेर जातो आणि रक्तातील आम्ल-अल्कलीचा समतोल ढळतो. तो सावरण्यासाठी शरीर लघवीवाटे बायकार्बोनेट बाहेर टाकते. लाळ गळून वाया जाते ती वेगळीच. परिणामी कोटीपोटातील आम्ल शमविणारी लाळ कमी पडते. त्यातच वैरणीवरील वासना उडालेली असते. दूध घटते, स्निग्धांश उतरतो आणि माजावर आलेली गायही गाभण राहण्याची शक्यता कमी होते. हा शेवटचा तोटा उन्हाळ्यात दिसत नाही. पुढल्या वर्षी वेत लांबल्यावर तो जाणवतो.

घामावाटे व लाळेवाटे गेलेले क्षार भरून काढणे हा पूरक आहाराचा गाभा होय. मोठ्या दुभत्या जनावरास दररोज ३० ते ५० ग्रॅम मीठ आणि सुमारे ५० ग्रॅम खनिज मिश्रण आंबोणातून द्यावे. भरपूर खुराक खाणाऱ्या संकरित गाईस खाण्याचा सोडा १०० ग्रॅमच्या आसपास, दोन वेळांत विभागून, पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांच्या सल्ल्याने देता येतो. गाईच्या घामातून पोटॅशियमही जाते. या बाबतीत रावेर-यावलचा शेतकरी भाग्यवान म्हणावा लागेल. घड उतरविल्यावर बांधावर फेकला जाणारा केळीचा खांब पोटॅशियमयुक्त व रसाळ असतो. मात्र त्यात बहुतांशी पाणीच असते आणि प्रथिने अत्यल्प; म्हणून तो कुट्टी करून कडब्यात मिसळावा, कडब्याऐवजी घालू नये. सरकीतील तेलामुळे कमी खाण्यातही ऊर्जा मिळते व पचनाची उष्णता कमी निर्माण होते. तथापि तिचे प्रमाण बेताचेच ठेवावे. तिच्यातील गॉसिपॉल हे द्रव्य लहान वासरांना बाधते.

मिठाबाबत एक इशारा आवश्यक आहे. पाणी मुबलक असेल तरच मीठ वाढवावे. तहानलेल्या जनावरास मीठ चारणे म्हणजे विषबाधेस निमंत्रण होय. उन्हाळ्यात दुभत्या गाईस ६० ते १०० लिटर पाणी लागते. टंचाईच्या गावात दिवसातून एकदा हाळावर नेऊन ही गरज भागत नाही. हाळ सावलीत असावा आणि तो दुपारीही भरलेला राहावा, एवढी काळजी ग्रामपंचायतीने घेतली तर ती कोणत्याही औषधाहून अधिक मोलाची ठरेल.

खाण्याची वेळही तितकीच महत्त्वाची. वैरण खाल्ल्यानंतर काही तासांनी कोटीपोटातील उष्णता सर्वाधिक असते. सकाळी नऊला टाकलेला कडबा ऐन दुपारच्या उन्हात आतून तापतो. म्हणून पहाटे थोडे, आणि मोठा वाटा सूर्यास्तानंतर द्यावा.

जनावरांवरील ताण आहारातून कमी करण्याचे प्रयत्न अन्य देशांतही झाले आहेत. वाहतुकीत घाबरणाऱ्या डुकरांना मॅग्नेशियम किंवा ट्रिप्टोफॅन देऊन पाहण्यात आले. परंतु निष्कर्ष सर्वत्र सारखे निघाले नाहीत. बाजारातील प्रत्येक 'टॉनिक'च्या बाटलीकडे याच सावधगिरीने पाहावे. पत्र्याच्या तापलेल्या गोठ्यात तोंड उघडून धापा टाकणाऱ्या, जीभ बाहेर काढलेल्या म्हशीपुढे खनिज मिश्रण ठेवून उपयोग नाही. तिला प्रथम सावलीत घ्यावे, अंगावर पाणी ओतावे आणि जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यास तातडीने कळवावे.