क्लॅन : एका शब्दाचे कूळ आणि मूळ

नदीचे मूळ आणि ऋषीचे कूळ शोधू नये, अशी मराठीत म्हण आहे. स्कॉटलंडच्या वायव्येकडील डोंगराळ मुलखात आणि त्याला लागून असलेल्या बेटांवर रीत नेमकी उलटी आहे. तेथील गेलिक भाषेत अनोळखी मुलाला ‘को लेश ऊ?’ असे विचारतात; म्हणजे ‘तू कोणाचा?’ आपल्याकडे खेड्यातील वडीलधारी मंडळी विचारतात तोच हा प्रश्न. या प्रश्नामागे जी समाजरचना कित्येक शतके उभी होती, तिला जग ‘क्लॅन’ या नावाने ओळखते. इंग्रजी कादंबऱ्यांतून आणि समाजशास्त्राच्या ग्रंथांतून हा शब्द आपल्याकडे आला. त्याचे भाषांतर कोणी कूळ करतात, कोणी गोत्र, तर कोणी टोळी. यांपैकी एकही शब्द त्याला पुरता बसत नाही.

गेलिकमध्ये मूळ शब्द ‘क्लान’ असा आहे आणि त्याचा अर्थ अगदी घरगुती आहे : मुलेबाळे. आजही त्या भाषेत कोणाला मुले आहेत का, असे विचारताना हाच शब्द येतो. गंमत अशी की, गेलिक समाजाचा जणू प्राण समजला जाणारा हा शब्द मुळात गेलिक नाहीच. तो लॅटिनमधील ‘प्लांता’ या शब्दापासून आला. ‘प्लांता’ म्हणजे रोप, लावण्यासाठी काढलेला कोंब. रोपासाठी इंग्रजीत रूढ असलेला ‘प्लँट’ हा त्याचाच वंशज.

मग ‘प’चा ‘क’ कसा झाला? प्राचीन आयरिश भाषेत, म्हणजे गेलिकच्या जननीत, मूळचा ‘प’ हा वर्णच लोपला होता. संस्कृतात ‘पितृ’, लॅटिनमध्ये ‘पातेर’, पण गेलिकमध्ये ‘आहिर’; बापाच्या नावातलाच ‘प’ गळून पडलेला! पुढे ख्रिस्ती धर्माबरोबर लॅटिन शब्द आयर्लंडात आले, तेव्हा ज्यांच्या जिभेला ‘प’ची सवयच नव्हती त्यांनी त्याच्या जागी ‘क’ बसविला. जांभळ्या रंगाचा ‘पुर्पुरा’ हा ‘कोर्कुर’ झाला, ईस्टरचा ‘पास्खा’ हा ‘काश्क’ झाला आणि ‘प्लांता’चा ‘क्लांद’, पुढे ‘क्लान’ झाला. शेजारच्या वेल्श भाषेने तोच लॅटिन शब्द उचलला. तिच्याजवळ ‘प’ शाबूत होता, म्हणून तेथे मुलांना आजही ‘प्लांत’ म्हणतात.

संततीला रोप म्हणण्याची ही कल्पना मराठी माणसाला परकी वाटू नये. संस्कृतातील ‘वंश’ म्हणजे मुळात बांबूच. आणि आपण वंशाची ‘वेल’ही म्हणतोच. गेलिकमध्ये तर बीजही आहे : हेब्रिडीझ बेटांवरील मॅक्लाउड घराण्याच्या दोन शाखा ‘शील’, म्हणजे बी, या शब्दाने ओळखल्या जात, एक टॉर्मोडचे बी, दुसरी टॉर्क्विलचे.

‘क्लान’ शब्दाला घराण्याचा अर्थ फार पूर्वीच आला. स्कॉटलंडच्या ईशान्येकडील डीर येथील मठात एक जुनी धर्मपोथी होती. ती आता केंब्रिजच्या ग्रंथालयात आहे. बाराव्या शतकात तिच्या कोऱ्या जागांत गेलिकमध्ये जमिनींच्या दानांची टिपणे लिहिली गेली. त्यांत ‘मॉर्गनच्या क्लानचा तोशेख’ असा एका नायकाचा उल्लेख आहे. ‘तोशेख’ म्हणजे अग्रणी. (आयर्लंडचा पंतप्रधान आज जी पदवी धारण करतो ती हीच, आणि ‘मॅकिंटॉश’ आडनावाचा अर्थ ‘तोशेखचा पुत्र’.) दानपत्रांत, म्हणजे जमिनीच्या कागदांत, हा शब्द इतक्या लवकर भेटावा, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. त्याचे पुढचे सारे नशीब जमिनीशीच बांधलेले होते.

एका क्लॅनचे सर्व लोक एकाच मूळ पुरुषाची लेकरे, हा झाला सिद्धान्त. व्यवहार पुष्कळच सैल होता. आश्रयासाठी, संरक्षणासाठी, क्वचित पोटासाठीही माणसे बलाढ्य नायकाचे नाव घेत. मापभर पिठाच्या मोबदल्यात ज्यांनी फ्रेझर हे नाव घेतले, त्यांना ‘पिठाचे फ्रेझर’ म्हणत असल्याची आख्यायिका आहे. उलट, मॅग्रेगर लोकांचे नावच १६०३ मध्ये राजाज्ञेने बेकायदा ठरले आणि ते धारण करणाऱ्यास देहदंडाची शिक्षा सांगितली गेली. तेव्हा त्यांनी कॅम्बेल, मरे, ड्रमंड अशी शेजाऱ्यांची नावे पत्करली. १६६१ मध्ये उठलेली ही बंदी १६९३ मध्ये पुन्हा आली आणि ती कायमची संपण्यास १७७४ साल उजाडावे लागले. इतकी वर्षे परक्या नावाखाली राहून ज्यांनी आपले नाव जपले, त्यांचे कूळ खरे रक्तात होते की स्मरणात? अलीकडच्या आनुवंशिक तपासण्यांनी मॅक्डोनल्ड नायकांच्या घराण्यांत पितृवंशाची एक समान खूण दाखविली आहे. पण मॅक्डोनल्ड आडनावाच्या बहुसंख्य लोकांत ती खूण नाही. तरीही ते मॅक्डोनल्डच.

रक्ताचे नाते कल्पित असले तरी त्यातून येणारी अपेक्षा कल्पित नव्हती. नायक हा बाप आणि प्रजा ही त्याची लेकरे. तेव्हा लेकरांना बापाच्या भूमीवर राहण्याचा हक्क आहे, अशी लोकांची दृढ श्रद्धा होती. या हक्काला गेलिकमध्ये ‘दूहखस’ म्हणतात. त्याच्या जवळ जाणारा आपला शब्द ‘वतन’. देश आणि वंशपरंपरागत हक्क हे दोन्ही अर्थ त्यातही आहेत. अडचण एवढीच की हे वतन कागदावर नव्हते. कागदावर होती ती एकट्या नायकाची मालकी.

१६ एप्रिल १७४६ रोजी कलोडनच्या माळावर स्टुअर्ट पक्षाचा पराभव झाला आणि त्यापाठोपाठ पार्लमेंटने नायकांचे वंशपरंपरागत न्यायाधिकार काढून घेतले. साऱ्या अनर्थाचा उगम येथे दाखविण्याची प्रथा आहे. पण ती अपुरी आहे. नायक लोक त्याआधी शंभर वर्षांपासून शहरी राहणी आणि शहरी कर्ज यांना सरावत चालले होते. कलोडननंतर झाले ते इतकेच की, लढणाऱ्या माणसांची गरज संपली आणि खंडाची उरली. दक्षिणेतून आलेल्या मेंढ्या माणसांपेक्षा अधिक खंड देत. ग्लेनगॅरीचा नायक अलास्टर मॅक्डोनेल याचे रेबर्नने काढलेले चित्र प्रसिद्ध आहे : संपूर्ण हायलँडी पोशाख, हाती बंदूक, मुद्रा प्राचीन वीराची. १८१५ मध्ये त्याने ‘खऱ्या हायलँडरां’ची सभाही स्थापिली. त्याच गृहस्थाच्या कारकिर्दीत त्याच्या जमिनीवरची माणसे मेंढ्यांसाठी हटली आणि शेकड्यांनी कॅनडाची वाट धरती झाली. सदर्लंडच्या जहागिरीत तर हजारोंना उठविण्यात आले. १८१४ मध्ये स्ट्रॅथनेव्हरच्या खोऱ्यात घरांची छपरे जाळल्याबद्दल जहागिरीचा कारभारी पॅट्रिक सेलर याच्यावर खटला झाला. १८१६ मध्ये तो निर्दोष सुटला. खोऱ्यातील नव्या मेंढवाड्याचा मक्तेदार तोच होता.

कुळांनी मालकीपेक्षा आपला जुना हक्क पुढे केला तो १८८२ मध्ये, स्काय बेटावरील दंग्यांत. चौकशीसाठी १८८३ मध्ये जो आयोग नेमला गेला त्याचा अध्यक्ष लॉर्ड नेपिअर हा मद्रासचा माजी गव्हर्नर होता. १८७२ मध्ये मेयोच्या खुनानंतर त्याने काही आठवडे हंगामी व्हाइसरॉयचे कामही पाहिले होते. त्याच्या अहवालानंतर १८८६ चा कायदा आला. वाजवी खंड, जमिनीवरून न उठविण्याची हमी, आणि कसण्याचा हक्क घरच्या माणसाच्या नावे ठेवून जाण्याची मुभा, अशा तीन गोष्टी त्याने दिल्या.

वरच्या परिच्छेदात ‘कूळ’ हा शब्द खंडाने जमीन कसणारा या अर्थी आला आहे. घराणे या अर्थाचा शब्दही तोच. मुंबई राज्याचा १९४८ चा कूळकायदा सर्वांना ठाऊक आहे; पण ‘क्लॅन’ला ‘कूळ’ म्हणताना हा दुसरा अर्थ कोणाच्या मनात सहसा येत नाही. स्कॉटलंडमध्ये मात्र ही दोन्ही कुळे एकाच माणसांत होती. १९९३ मध्ये त्याच सदर्लंडमधील असिंट येथे शेतकऱ्यांनी वर्गणी गोळा करून आपण कसत असलेली जहागीर बाजारभावाने विकत घेतली. २००३ च्या कायद्याने अशा गावांना जमीन विकत घेण्याचा हक्कच मिळाला.