निकालाच्या दिवशी सर्व्हरची कसोटी

16 जुलै 2021 रोजी महाराष्ट्रात दहावीचा निकाल जाहीर झाला आणि निकालाची संकेतस्थळे कित्येक तास उघडेनात. भंडारा जिल्ह्यातले करडी असो की मुंबई, ताटकळणे सगळ्यांना सारखेच. असे का व्हावे?

मागितलेले पान शोधून पाठवणाऱ्या यंत्रणेला सर्व्हर म्हणतात. निकालाचे असे काम जावा भाषेत करायचे आहे, असे समजू. टॉमकॅट, जेटी, वाइल्डफ्लाय, वेबलॉजिक असे अनेक सर्व्हर उपलब्ध आहेत. त्यांतला कोणता घ्यावा?

भंडारा हा धानाचा जिल्हा, तेव्हा धान खरेदी केंद्र डोळ्यांपुढे आणा. जितके काटे, तितकीच वजने एका वेळी; बाकी गाड्या रांगेत. सर्व्हरमधल्या काट्यांना थ्रेड म्हणतात. टॉमकॅट आणि जेटी या दोघांतही मुळात कमाल 200 थ्रेड ठरवलेले असतात. हा आकडा बदलता येतो. एका मागणीला 0.1 सेकंद लागला, तर सेकंदाला 2,000 मागण्या पुऱ्या होतील. पण 15 लाख विद्यार्थी पहिल्या 10 मिनिटांतच आले, तर सेकंदाला 2,500 मागण्या येतील! रांग वाढत जाईल आणि ती भरली की नव्यांना दारातूनच परत जावे लागेल. ते पुन्हापुन्हा बटण दाबतील, म्हणजे गर्दीत भरच.

मग थ्रेड वाढवावेत? काटे वाढवले, पण मागचे गोदाम एकच असले तर पोती दारातच साचतील. गुण साठवलेला डेटाबेस हे ते गोदाम. तो मंदावून एका मागणीला 0.5 सेकंद लागू लागला, तर तेच 200 थ्रेड सेकंदाला 400 मागण्याच पुऱ्या करतील. 2023 मध्ये आलेल्या जावा 21 मधील आभासी थ्रेड फार स्वस्त पडतात, लाखोंनी तयार करता येतात. पण गोदाम त्यांनी मोठे होत नाही. त्यापेक्षा निकाल आधीच सर्व्हरच्या स्मृतीत आणून ठेवणे अधिक उपयोगी.

टॉमकॅट आणि जेटी हलके आहेत. निकाल दाखवायला ते पुरेत. वाइल्डफ्लाय व वेबलॉजिक यांत जास्तीच्या सोयी तयार मिळतात. एका खात्यातून पैसे वजा आणि दुसऱ्यात जमा, ही दोन्ही कामे एकत्रच व्हावीत किंवा एकही होऊ नये, ही त्यांतली एक. बँकेला ती हवीच.

तुलना करताना दोन्ही सर्व्हर एकाच संगणकावर, एकाच कामाला लावावेत. जेमीटर नावाचा कार्यक्रम खोटी गर्दी निर्माण करतो. पहिल्या काही मिनिटांचे आकडे सोडून द्यावेत, कारण वारंवार लागणारा भाग जावा चालता चालता वेगवान करून घेते. आणि नुसती सरासरी पाहू नये: 100 पैकी 99 जणांना 0.1 सेकंदात उत्तर मिळाले आणि एकाला 30 सेकंद लागले, तरी सरासरी 0.4 सेकंदच दिसते.