चौसष्टाचे एकोणसाठ होतात कसे?

पनवेलहून जुन्या पुणे रस्त्याला लागलं की भोकरपाड्याजवळ हिरानंदानींच्या वसाहतीत एक अवाढव्य इमारत आहे. जुलै २०२० मध्ये सुरू झालेलं हे ‘योट्टा एनएम१’ डेटा सेंटर. ७,२०० रॅक, ५० मेगावॉट विजेची तरतूद. योट्टा म्हणजे एकावर चोवीस शून्यं. एवढे बाइट त्या इमारतीत मावत नाहीत, त्याच्या जवळपासही नाहीत. पण नाव ठेवायला कोणाची हरकत?

पनवेलकराला बाइटांचा हिशेब भिडतो तो मोबाइलच्या दुकानात. तिथे फोनची ओळखच मुळी ‘आठ-एकशे अठ्ठावीस’ अशी करून देतात. ८ जीबी रॅम, १२८ जीबी स्टोरेज. गंमत अशी की या दोन आकड्यांपुढचा जीबी एकच नाही.

रॅममधल्या प्रत्येक कप्प्याला पत्ता असतो आणि तो फक्त शून्य आणि एक यांतच लिहायचा असतो. असे दहा अंक हाताशी असले की बरोबर १,०२४ कप्पे ओळखता येतात. हा आकडा हजाराच्या इतका जवळ, की जुन्या संगणकवाल्यांनी त्यालाच किलो म्हणून टाकलं. रॅम आजही त्याच मापाने बनते. डिस्कला आणि मेमरी कार्डाला कंपन्यांनी साधा हजार लावला. त्याने खोक्यावरचा आकडा मोठा दिसतो, हे त्यांच्या पथ्यावरच पडलं.

विंडोज मात्र कार्ड मोजतानाही १,०२४ नेच भागतं. ६४ जीबी म्हणजे ६४ वर नऊ शून्यं एवढे बाइट. एकदा भागले की ६,२५,००,०००. दुसऱ्यांदा साधारण ६१,०३५. तिसऱ्यांदा ५९.६. ड्राइव्हवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडा. पूर्ण बाइट आणि ‘घटलेले’ जीबी एकाच ओळीत दिसतील. काहीही चोरीला गेलेलं नसतं. पूर्वी मुंबईचा मण २८ पौंडांचा होता आणि रेल्वेचा ८२ पौंडांहून जास्त, त्यातलाच हा प्रकार.

एकक जसं वर चढतं तशी ही तफावत फुगते. किलोला २.४ टक्के, मेगाला जवळपास ५, गिगाला ७.४, टेराला १०. म्हणून १ टीबीची डिस्क पडद्यावर ९३१ जीबी दिसते. योट्टापर्यंत पोचलात तर फरक २१ टक्क्यांच्या घरात जातो. फ्लॉपीने तर कमालच केली होती. तिचे १.४४ एमबी म्हणजे १,४४० गुणिले १,०२४ बाइट. धड हे माप नाही, धड ते नाही.

अमेरिकेत डिस्कच्या या तफावतीवरून ग्राहक कोर्टात गेले आणि २००६ साली डिस्क बनवणाऱ्या वेस्टर्न डिजिटलला तडजोड करावी लागली. त्याआधी १९९८ मध्येच आंतरराष्ट्रीय मानक ठरवणाऱ्यांनी १,०२४ च्या हिशेबासाठी किबी, मेबी, गिबी अशी वेगळी नावं दिली होती. ती बिनचूक आहेत, पण गावातल्या दुकानात जाऊन ‘गिबी’ मागून पाहा! ॲपलने २००९ मध्ये मॅकवर सरळ हजाराचा हिशेब धरला. मला तोच शहाणपणाचा वाटतो.

इंटरनेटच्या जोडणीत आणखी एक मेख आहे. ‘१०० एमबीपीएस’ मधला बी बिटचा, आणि एका बाइटात आठ बिट. म्हणजे सेकंदाला साडेबारा मेगाबाइट, तेही सगळं सुरळीत असेल तर. १ जीबीच्या सिनेमाला किमान ८० सेकंद धरा.

आता दुकानात भांडायचंच असेल, तर ५९.६ वरून भांडू नका. बनावट कार्डही प्रॉपर्टीजमध्ये तोच आकडा दाखवतं, कारण त्याच्या चिपला खोटं बोलायला शिकवलेलं असतं. आत जागा ८ जीबीची असली, तर तेवढी भरल्यावर पुढचे फोटो नावापुरते जमा होतात आणि उघडत नाहीत. कार्ड काठोकाठ भरा, फाइली परत उघडून बघा, आणि तोवर बिल जपून ठेवा.