जिलबीच्या तीन रात्री

मित्रांनो, जिलबी आवडते ना? मग आता जरा सावरून बसा. मी ज्या जिलबीबद्दल सांगणार आहे ती उंदीर खाते!

अमेरिकेत टेक्सास राज्यात ऑस्टिन नावाचं शहर आहे. तिथे माझी ताई राहते. तिच्या मुलीने, म्हणजे माझ्या तेरा वर्षांच्या भाचीने, साप पाळलाय. कॉर्न स्नेक. नारिंगी रंगाचा, अंगावर तांबूस ठिपके, विष अजिबात नाही. वेटोळं घालून बसला की थेट हलवायाच्या ताटातली जिलबी! म्हणून नावही तेच.

कॉर्न स्नेक मूळचा अमेरिकेच्या आग्नेय भागातला. आपल्या धामणीच्या गोतावळ्यातला, आणि धामणीसारखाच उंदीर फस्त करणारा. तिकडे दुकानात रीतसर विकत मिळतो. आपल्याकडे मात्र रानातला किंवा अंगणात आलेला साप धरून पाळणं हा गुन्हा आहे. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा त्यासाठीच आहे. तेव्हा ‘आई, मलाही एक आण ना’ असा हट्ट नको! घरात साप निघालाच, तर लांब उभं राहून त्याच्यावर नजर ठेवा आणि मोठ्यांना वन खात्याच्या १९२६ या क्रमांकावर फोन करायला सांगा.

तर ही गोष्ट फेब्रुवारी २०२१ मधली. १३ तारखेला, शनिवारी संध्याकाळी, भाचीने जिलबीला जेवू घातलं. जेवण म्हणजे बर्फात गोठवलेला उंदीर. हो, तिकडे तो पाकिटात मिळतो! रात्रभर फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवून त्याचा बर्फ वितळवायचा, मग कोमट पाण्यात धरून ऊब आणायची. मायक्रोवेव्हमध्ये ठेवायचा नाही. बाहेरून शिजतो, आतून गारच राहतो, आणि कधीकधी फुटतो. (ताईने त्या उंदरांसाठी फ्रिजमध्ये वेगळा डबा ठेवलाय आणि त्यावर मोठ्या अक्षरांत ‘जिलबी’ असं लिहिलंय. पाहुण्यांची गंमत होते!) उंदीर केवढा द्यायचा? सापाच्या अंगाचा सर्वांत जाड भाग जेवढा, साधारण तेवढ्याच जाडीचा किंवा किंचित जास्त.

जिलबीने तो गिळला आणि ती काचपेटीच्या उबदार कोपऱ्यात जाऊन पडली.

उबदार कोपरा का? तेच तर महत्त्वाचं आहे. तुमच्या-माझ्या अंगात शेगडी असते. बाहेर थंडी असो वा ऊन, आपलं शरीर स्वतःला सदतीस अंशांच्या आसपास ठेवतं. सापाच्या अंगात ही शेगडी नाही. त्याला ऊब बाहेरूनच घ्यावी लागते. म्हणून त्याच्या पेटीची एक बाजू तीस अंशांच्या जवळपास गरम ठेवतात आणि दुसरी बाजू चोवीसच्या आसपास गार. साप आपला आपण इकडून तिकडे जातो. गरम बाजूच्या तळाखाली विजेवर तापणारी चटई असते, तिला हीट मॅट म्हणतात. तिला थर्मोस्टॅट जोडलेला हवाच हवा. नाहीतर ती तापत जाते, आणि पोटाखालचा चटका सापाला वेळेवर कळत नाही. तो तिथेच पडून भाजून निघतो.

अन्न पचायचं ते या उबेवरच. उबेत असला तर साप तीन-चार दिवसांत अख्खा उंदीर पचवतो, हाडांसकट! गारठला की पोटातले पाचक रस मंदावतात. मग उंदीर पचायच्या आधीच पोटात सडू लागतो. आता एक मजेची गोष्ट ऐका. थंड मुलखातले रानातले साप हिवाळाभर बिळात निपचित पडून राहतात, त्यांना काहीही होत नाही. कारण ते थंडीच्या आधीच खाणं थांबवतात. पोट रिकामं असेल तर धडधाकट सापाला गारठा सोसतो. पोट भरलेलं असेल तर तोच गारठा जिवावर बेततो.

आणि जिलबीचं पोट भरलेलं होतं.

सोमवारी, १५ तारखेच्या पहाटे, ताईच्या घरातली वीज गेली. त्या आठवड्यात टेक्सासवर भयंकर हिमवादळ आलं होतं. ऑस्टिनमध्ये पारा शून्याच्या खाली दहा अंशांहूनही उतरला. राज्यातली पंचेचाळीस लाखांच्या वर घरं-दुकानं अंधारात गेली. तिथल्या समुद्रातली कासवंसुद्धा गारठून बधिर झाली. तीही सापासारखीच, बाहेरच्या उबेवर जगणारी. लोकांनी अशी हजारो कासवं गोळा करून साउथ पाद्रे बेटावरच्या एका मोठ्या सभागृहात नेऊन ठेवली.

आपल्याकडे संध्याकाळ झाली होती. फोन वाजला.

“मामा, घरात नऊ अंश आहे. पेटीत सतरा. जिलबी मरेल का रे?”

खरं सांगायचं तर मलाही उत्तर ठाऊक नव्हतं. पण पोरगी हुशार. तिने पेटीला चारी बाजूंनी रजया गुंडाळल्या होत्या, फक्त हवेपुरती फट ठेवून. गॅस चालू होता, तेव्हा ताई काडीने पेटवून पाणी तापवत होती. कोमट पाणी बाटल्यांत भरायचं, बाटल्यांना टॉवेल गुंडाळायचा आणि त्या पेटीच्या एकाच बाजूला ठेवायच्या, म्हणजे जास्त झालं तर जिलबीला सरकायला जागा राहील. दर दोन तासांनी बाटल्या बदलायच्या. रात्रीसुद्धा! मी म्हटलं, “जॅकेटच्या आत घेऊन बस ना तिला.” तर मलाच उत्तर मिळालं, “मामा, जेवलेल्या सापाला दोन दिवस हात लावायचा नसतो!”

शेजारच्या कुणीतरी गॅरेजमध्ये गाडी चालू करून हीटर लावायला सुचवलं. ताईने साफ नकार दिला. बंद जागेत गाडीच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड माणसाचा जीव घेतो, आणि त्याला वासही नसतो. त्याच आठवड्यात टेक्सासमध्ये अशाने माणसं दगावली. कोळशाची शेगडी घरात पेटवणंही तितकंच वाईट.

मंगळवारी रात्री भाचीला झोप लागली. तेरा वर्षांचीच ती! पहाटे उठून पाहते तो पेटीत चौदा अंश, आणि कोपऱ्यात अर्धवट पचलेला उंदीर. जिलबीने तो ओकून टाकला होता. फोनवर ती इतकी रडली की शब्द कळेनात. “मी झोपले म्हणून झालं,” एवढंच ऐकू आलं.

मी तिला म्हटलं, “अगं, उंदीर बाहेर पडला हे एका परीने बरंच झालं. पोटात सडला असता तर?” पटलं की नाही कोण जाणे.

बुधवारी रात्री वीज आली. पण ओकलेल्या सापाला लगेच खायला घालायचं नसतं. ओकताना त्याचे पाचक रसही बाहेर जातात, गळा सोलवटतो. दोन आठवडे उपास! फक्त ऊब, ताजं पाणी आणि शांतता. भाची दर रविवारी वजनकाट्यावर डबा ठेवून जिलबीचं वजन करायची आणि वहीत लिहायची. २१२ ग्रॅम. २०८. २०५. दर आकड्यागणिक तिचा चेहरा उतरायचा, आणि फोनवर मी इकडून तिला हसवायचा प्रयत्न करायचो. वजन फार घटलं तर प्राण्यांच्या डॉक्टरांकडे न्यायचं ठरलं होतं. जबरदस्तीने तोंडात कोंबायचं नाही, हेही ठरलं होतं.

मार्चमध्ये तिने एक छोटा उंदीर पुढे धरला, नेहमीच्या निम्म्या आकाराचा. जिलबीने जीभ लपलप केली आणि तोंड फिरवलं. आणखी आठवडाभर वाट.

पुढच्या रविवारी सकाळी माझ्या फोनवर एक फोटो आला. जिलबीच्या तोंडातून बाहेर डोकावणारं इवलंसं शेपूट! खाली लिहिलं होतं, “मामा, तीस अंश आहे. बरोब्बर तीस.”