खाडीत मासे धरायला कयाक घेताय? आधी एवढं तपासा

मस्कत-दुबईला कयाकवरून गळ टाकणारे बघून आलेली आपली मुलं आता गावच्या खाडीसाठी कयाक शोधतात. शौक चांगला आहे. इंजिन नाही, डिझेल नाही, आवाज नाही, त्यामुळे खारफुटीच्या कडेला जिताडा, तांबोशीच्या जवळ जाता येतं. पण फक्त रंग आणि किंमत बघून कयाक घेऊ नका.

बैठक : कयाक दोन तऱ्हेची असते. एकीत माणूस आत पाय घालून बसतो, दुसरीत वर बसतो. मासेमारीला वर बसायचीच घ्यावी. तिच्या तळातल्या आरपार भोकांतून वर आलेलं पाणी आपोआप निघून जातं. उलटली तरी ती पाण्याने भरत नाही आणि पुन्हा चढता येतं.

लांबी-रुंदी : लांब कयाक सरळ आणि वेगात जाते, रुंद कयाक कमी डुलते. खाडीसाठी 10 ते 12 फूट लांबी आणि 30 ते 34 इंच रुंदी ठीक. फार रुंद घेतली तर ओहोटीच्या ओढीविरुद्ध वल्हवताना दमछाक होते.

वजन पेलण्याची ताकद : कंपनी सांगते त्याच्या साधारण 70 टक्केच भार धरा. हिशोब सोपा आहे. माणूस 80 किलो, गळ, पाणी, बर्फाचा डबा आणि मासळी मिळून 20 किलो. झाले 100. म्हणजे कयाक किमान 145 किलोची हवी.

प्लास्टिक की हवेची? हवेची घडी करून रिक्षातही नेता येते, पण आपल्या खाडीतल्या खडकांवर कालवं असतात, त्यांची धार ब्लेडसारखी. जाड प्लास्टिकची जास्त टिकते. मात्र ती 25-30 किलोची असते, किनाऱ्यापर्यंत कोण उचलणार हे आधी ठरवा. पायाने चालवायची पॅडलवाली असेल तर हात गळासाठी मोकळे राहतात, पण ती महाग, जड आणि उथळ चिखलात अडकणारी.

जुनी घेत असाल तर तळाला चिरा आहेत का, झाकणं आणि बूच घट्ट बसतात का, ते पाण्यात घालूनच बघा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. लाइफ जॅकेटचे पैसे कयाकच्या किमतीतच धरा, आणि ते मागे बांधून नका ठेवू, अंगात घाला. "मला पोहता येतं" हे कारण चालत नाही. पहिल्या दिवशी कमरेएवढ्या पाण्यात कयाक मुद्दाम उलटवा आणि परत चढून दाखवा. जमेपर्यंत खोल पाणी नको. शिट्टी, पाण्यात न भिजणाऱ्या पिशवीत मोबाइल, आणि कधी परतणार हे घरी सांगून जाणं, एवढं ठरलेलंच असावं.

भरती-ओहोटीची वेळ गावातल्या जुन्या मच्छीमार चाचांना विचारा. ओहोटीला खाडीच्या मुखाकडे जाऊ नका, पाणी समुद्रात ओढून नेतं. जून-जुलैची बंदी यांत्रिक नौकांना असते, पण पावसाळ्यातला समुद्र इंजिन आहे की वल्हं, हे बघत नाही. त्या दिवसांत कयाक अंगणातच बरी.